करपा पानावर दिसण्याआधी

निसवलेल्या भातात एखादी लोंबी बाकीच्यांपेक्षा ताठ उभी दिसली की जाणता शेतकरी थबकतो. भरलेली लोंबी दाण्यांच्या भाराने वाकते. ताठ राहिलेली बहुधा पोकळ असते. जवळ जाऊन पाहावे तर लोंबीच्या मानेवर, ती पानाच्या आवरणातून बाहेर पडते तिथेच, काळपट तपकिरी कडे चढलेले असते. त्या कड्याच्या वर अन्नरस पोचलेला नसतो. दाण्यांच्या जागी नुसती पळिंजे. हा भातावरचा करपा. मानेवर आला की काही भागांत त्याला मानमोडी म्हणतात. पानावर असताना तो ठिपक्यांच्या रूपात दिसतो. ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी. पानावरच्या करप्यातून पीक पुष्कळदा सावरते. मानेवरच्या करप्यातून सावरायला वेळच उरलेला नसतो, कारण खत, मजुरी, पाणी, सगळा खर्च तोवर होऊन गेलेला असतो.

या रोगामागच्या बुरशीचे शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. १६३७ साली चीनमध्ये प्रसिद्ध झालेल्या सोंग यिंगशिंग यांच्या ग्रंथात या रोगाचे वर्णन सापडते. भारतात त्याची पहिली मोठी नोंद विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, तंजावरच्या भातपट्ट्यातली आहे. वनस्पतिरोगशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सर्वांत महत्त्वाच्या दहा बुरशींची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक हिलाच मिळाला. ती दर वर्षी जगभरात जेवढा तांदूळ नष्ट करते, तेवढ्यावर सुमारे सहा कोटी माणसांचे पोट भरेल, असा अंदाज नेहमी दिला जातो. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी कोकणातल्या, मावळातल्या किंवा भंडारा-गोंदियातल्या दोन एकरवाल्याला त्याने फरक पडत नाही. त्याच्या बाबतीत प्रश्न वर्षभराच्या तांदळाचा असतो.

करप्याशी आपण लढतो ते बहुतेक वेळा फवारणीच्या पंपाने, आणि तेही ठिपके दिसल्यावर. माझे म्हणणे असे की करप्याचा बराचसा निकाल तोवर लागून गेलेला असतो. वाण कोणता निवडला, बी कुठून घेतले, वाफ्यात काय मिसळले, युरिया किती आणि केव्हा टाकला, शेजारच्या खाचरात काय उभे आहे, या गोष्टी पिकाची ताकद ठरवतात. पर्यावरण सांभाळून रोग आवरायचा तर याच गोष्टींना हात घालावा लागेल. त्यासाठी ही बुरशी पानात शिरते कशी, हे आधी नीट पाहायला हवे.

रात्र सरत असताना, पहाटेच्या सुमारास, जुन्या ठिपक्यांवरून बीजाणू सुटतात. एक ठिपका रात्रीत दोन ते सहा हजार बीजाणू सोडू शकतो, आणि हे साधारण दोन आठवडे चालते. बीजाणू तीन पेशींचा, एका टोकाला निमुळता. दवाने ओल्या पानावर पडताच तो आपल्या टोकाच्या चिकट द्रवाने घट्ट चिकटतो. मग त्यातून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी तयार होते. तिच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो. आत ग्लिसरॉल साठत जाते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मेलॅनिनमुळे ग्लिसरॉल बाहेर झिरपत नाही, म्हणून आतला दाब वाढतच जातो. तो ८० वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे चाळीसपट. त्या दाबाच्या जोरावर एक टोकदार खुंटी पानाची त्वचा भोसकून आत घुसते. त्यानंतर आठवडाभरात त्या जागी नवा ठिपका दिसतो आणि तोही बीजाणू सोडू लागतो.

हे सगळे घडायला पान दहा-बारा तास ओले राहावे लागते आणि तापमान साधारण २५ ते २८ अंश हवे. रात्री गार, सकाळी धुके, दिवसा ढगाळ, मधूनच रिमझिम, अशी हवा करप्याला मानवते. लोणावळ्याची हवा नेमकी अशीच आहे. म्हणूनच तिथले संशोधन केंद्र देशभरातल्या वाणांची करप्यासाठी परीक्षा घेण्याच्या कामी आले. ही परीक्षा मुद्दाम कडक ठेवतात. अरुंद वाफ्यांत वाणांच्या छोट्या ओळी पेरायच्या, भोवती एचआर-१२ किंवा सीओ-३९ यांसारख्या हमखास रोग घेणाऱ्या वाणांची किनार लावायची, नत्र भरपूर द्यायचे आणि वाफे ओले ठेवायचे. अशा ठिकाणी जो वाण टिकतो त्याच्यावर थोडा भरवसा ठेवता येतो.

थोडाच. कारण बुरशीही बदलते. दक्षिण कोरियाने १९७२ मध्ये तोंगिल हा भरघोस उत्पन्न देणारा वाण देशभर नेला. काही वर्षे देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. पण १९७८ मध्ये करप्याचे नवे प्रकार त्या वाणावर तुटून पडले आणि पिकाचे अतोनात नुकसान झाले. एकाच प्रतिकारक जनुकावर भिस्त ठेवून मैलोन्‌मैल तोच वाण लावला, की त्या जनुकाला चकवणारा एखादा बीजाणू निपजण्याचीच खोटी असते. त्याला समोर सगळीकडे दार उघडे मिळते. आता पैदासकार एकाच वाणात दोन-तीन जनुके बसवतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये दिलेले पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ हे वाण असेच आहेत. त्यांत करप्याविरुद्ध पीआय-२ आणि पीआय-५४ ही जनुके आहेत, शिवाय जीवाणूजन्य कडा करप्याविरुद्धची आणखी दोन. पीआय-५४ हे जनुक टेटेप या व्हिएतनामी वाणातले असून भारतीय शास्त्रज्ञांनीच ते वेगळे करून दाखवले आहे.

या बासमतीमागे एक कडू धडाही आहे. करप्यावरचे सर्वांत खपणारे औषध ट्रायसायक्लॅझोल. ते बुरशीला थेट मारत नाही. वर सांगितलेल्या घुमटात मेलॅनिनच तयार होऊ देत नाही, त्यामुळे दाब चढत नाही आणि पान भोसकले जात नाही. औषध म्हणून ही कल्पना फार हुशारीची आहे. पण ते पुन्हा पुन्हा, आणि कापणीच्या तोंडावरही मारले जाऊ लागले. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे शंभरपट कडक केली, आणि भारतीय निर्यातदारांची झोप उडाली. २०२३ मध्ये पंजाब सरकारने बासमतीवर वापरली जाणारी दहा कीटकनाशके आणि बुरशीनाशके साठ दिवसांसाठी बंद केली, त्यांतही ट्रायसायक्लॅझोल होते. युरोपने डोळे वटारल्यावर आपण जागे झालो, याचे मला वाईट वाटते. जो तांदूळ निर्यात होत नाही, जो आपल्याच घरातल्या मुलांच्या ताटात पडतो, त्याची तपासणी कोण एवढ्या कसोशीने करते?

शिवाय तांदळातला अंश हा प्रश्नाचा एक भाग झाला. खाचरातले पाणी एकाचे नसते. ते बांध फोडून खालच्या खाचरात, तिथून वहाळात, वहाळातून नदीत जाते. त्याच पाण्यात मुठे, बेडूक, चढणीचे मासे असतात. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक गांडुळांना घातक आहे, तांब्याची औषधे माशांना. जपानमध्ये १९५० च्या दशकात करप्यावर पाऱ्याची संयुगे सर्रास धुरळली जात होती. ती तांदळात आणि मातीत उतरतात हे लक्षात आल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद करावी लागली. त्यांची जागा घेणाऱ्यांपैकी कासुगामायसिन हे प्रतिजैविक नारा शहरातल्या कासुगा देवस्थानाजवळच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले. हामाओ उमेझावा यांच्या चमूने १९६५ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. माणसाला आणि माशांना ते सौम्य होते. पण दशकभरातच त्यालाही न जुमानणारी बुरशी जपानी शेतांत दिसू लागली. औषध कितीही सौम्य असो, एकट्यावर सगळा भार टाकला की असेच होते.

आता आपल्या हातातल्या गोष्टींकडे येऊ. पहिली गोष्ट युरिया. करपा हा खाऊन माजलेल्या पिकाचा रोग आहे. नत्र जास्त झाले की पान गर्द हिरवे आणि लुसलुशीत होते, पेशींत बुरशीला आयता मिळणारा नत्रयुक्त रस वाढतो आणि पानाच्या त्वचेत सिलिका कमी बसते. पीक दाटते, आत वारा खेळत नाही, दव उशिरापर्यंत राहते. म्हणजे बुरशीला जे जे हवे ते सगळे एकाच गोणीतून मिळते. खाचर काळेभोर दिसले की आपल्याला समाधान वाटते, आणि शेजारच्याचे जास्त काळे दिसले तर आपण आणखी एक घमेले फेकतो. हा मोह आवरणे हा करप्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. महाराष्ट्रातली शिफारस नत्र तीन हप्त्यांत देण्याची आहे: ४० टक्के लावणीच्या वेळी, ४० टक्के फुटव्यांच्या वेळी आणि उरलेले २० टक्के लोंबी येण्याच्या सुमारास. पानावर ठिपके दिसत असतील आणि आभाळ भरून आले असेल तर पुढचा हप्ता थांबवावा. तो नंतर देता येतो.

दुसरी गोष्ट सिलिका, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. भात मातीतून जेवढे नत्र उचलतो त्याहून कितीतरी अधिक सिलिका उचलतो. पेंढ्याच्या कोरड्या वजनात दहा टक्के किंवा त्याहून जास्त सिलिका असू शकते. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये भाताच्या मुळांत सिलिका आत घेणारे जनुक शोधून दाखवले. आत गेलेली सिलिका पानाच्या त्वचेखाली काचेसारखा पातळ थर धरते, पान ताठ राहते, आणि बुरशीच्या खुंटीला ते भोसकणे अवघड जाते. नुसती भिंत उभी राहते एवढेच नाही. हल्ला झाल्यावर अशा रोपाची स्वतःची संरक्षक द्रव्येही लवकर तयार होतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

धो धो पावसाच्या कोकणातल्या जांभ्या जमिनीतून विरघळणारी सिलिका वाहून जाते. तरीही पूर्वी एक वाट होती: राब. वैशाखात दाढीच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, जागी शेण, ऐन-किंजळीचे टहाळ, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर रचून भाजायचे. त्याने तणाचे बी जळते, वरच्या मातीतले काही रोगजंतू मरतात आणि राखेतून रोपांना पोटॅश आणि सिलिका मिळते. आज राबाची भलावण करता येणार नाही. त्यासाठी डोंगरातली झाडे दर वर्षी ओरबाडली जातात, धूर होतो, बायामाणसांचे श्रम तर विचारूच नयेत. पण राबातली राख कशासाठी होती, हे विसरून राब सोडला तर रोप उघडे पडते.

इथे डॉ. नारायण सावंत यांचे ऋण मोठे आहे. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या या कृषिशास्त्रज्ञाने महाराष्ट्रात चारसूत्री भात लागवड रुजवली. भातशेतीतल्या सिलिकावरच्या, जगभर वाचल्या गेलेल्या एका आढावा लेखाचेही ते लेखक होते. चारसूत्रीचे पहिले सूत्रच भाताच्या अवशेषांचा पुनर्वापर हे आहे. गिरणीतून निघणारे तूस अर्धवट जाळून त्याची काळसर राख गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. काळसर का, तर तूस फार तापवून पांढरे केले की सिलिका स्फटिकरूप होते आणि सहजी विरघळत नाही. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. गिरणीमागे ढीग पडलेला असतो आणि वाहून नेण्यापलीकडे फारसा खर्च नसतो.

बाकीची तीन सूत्रेही करप्याच्या वाटेत आडवी येतात. दुसरे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीच्या आधी खाचरात, गुंठ्याला सुमारे ३० किलो. तिसरे, दोरीवर खुणा करून १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटून पालटून नियंत्रित लावणी. त्यामुळे चार चुडांचा एक चौकोन आणि भोवती मोकळी वाट तयार होते. वारा आत शिरतो, पान लवकर सुकते. चौथे, त्या चौकोनाच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल एक युरिया-डीएपीची गोळी. गोळी पावणेतीन ग्रॅमच्या आसपासची, हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन जवळपास १७० किलो. नत्र चिखलात खोल बसते, पावसाने वाहत नाही, हवेत उडत नाही आणि रोपाला एकदम न मिळता हळूहळू मिळते. म्हणून कमी नत्रात पीक निघते आणि करप्याला हवी असलेली ती गर्द हिरवी लाट येत नाही. चारसूत्री सहसा उत्पन्न वाढवण्याची पद्धत म्हणून सांगितली जाते. रोग आवरणारी पद्धत म्हणून तिच्याकडे पाहावे, असे मला वाटते. गोळ्या खोचायचे काम कंबर मोडणारे आहे, हे मात्र खरे. सोपे, स्वस्त अवजार हाती आले तर ही पद्धत कितीतरी अधिक खाचरांत जाईल.

बियाण्याचे काम त्या मानाने सोपे. रोगट शेतातले बी ठेवू नये, आणि ठेवलेच तर मिठाच्या पाण्यातून काढावे: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. वर तरंगणारे हलके बी काढून टाकायचे, बुडालेले दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. त्यानंतर किलोला १० ग्रॅम स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स चोळतात. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने या जीवाणूच्या वापराची पद्धत चांगली बसवली आहे. बियाला, मग लावणीआधी रोपांच्या मुळांना आणि शेवटी पानांवर, असा तो तीनदा देतात. हा जीवाणू मुळाभोवतालचे लोह पटकावून रोगट बुरशीला उपाशी ठेवतो, तिला मारणारी द्रव्ये सोडतो, आणि रोपाची प्रतिकारशक्ती आधीच जागी करतो. करप्याच्या बाबतीत हा तिसरा गुण मोलाचा आहे, कारण करपा पानावर येतो आणि जीवाणू असतो मुळाशी.

ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीबद्दल मात्र जरा तोलून बोलायला हवे. मातीतल्या बुरशींवर, विशेषतः पर्णकोष करपा आणणाऱ्या रायझोक्टोनियावर, ती प्रभावी आहे. तिचे धागे शत्रूच्या धाग्यांना वेढून त्यांना खातात. पानावर हवेतून येणाऱ्या करप्यावर तिचा तेवढा जोर चालत नाही. दुकानात दोन्हींची पाकिटे शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर सगळे रोग लिहिलेले असतात. पाकिटावरची तारीख पाहावी. ते तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेले असेल तर घेऊ नये, कारण आत जिवंत जीव आहे. तांब्याच्या किंवा इतर बुरशीनाशकाबरोबर एकाच टाकीत तो मिसळू नये. आंबट ताक, दशपर्णी यांवर अनेकांचा विश्वास आहे. किरकोळ लागण असताना ते वापरण्यात नुकसान नाही, पण मान बाहेर पडत असताना धुके दाटले तर त्यांच्या भरवशावर पीक सोडू नये.

पाण्याचा विचार वेगळाच गुंता समोर आणतो. खाचरात पाणी उभे असले की करपा कमी राहतो. मुळे कोरडी पडली, पिकाला ताण बसला की वाढतो. वरकस जमिनीतला भात म्हणूनच जास्त करपतो. दुसरीकडे सतत तुंबलेल्या खाचरातून मिथेन वायू निघतो आणि तो कमी करण्यासाठी खाचर मधूनमधून सुकू द्यावे, असे हवामानाच्या दृष्टीने सांगितले जाते. दोन्ही सल्ले पर्यावरणाच्याच भल्याचे आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. माझ्या मते पान करपत असताना आणि लोंबी बाहेर पडत असताना पाणी तोडू नये. सुकवणी करायचीच तर त्या दोन काळांच्या बाहेर, आणि जमिनीला भेगा पडेपर्यंत तर नकोच. पेंढ्याचेही तसेच. रोगट पेंढा कोरडा राहिला तर त्यातली बुरशी वर्षभराहून अधिक जगू शकते, म्हणून त्याची उडवी दाढीच्या शेजारी नको. पण जाळूही नये. ओलाव्यात कुजवला की बुरशी मरते आणि सिलिका शेतात परत जाते.

भातावरचे इतर बुरशीजन्य रोग थोडक्यात. पर्णकोष करप्याचे कठीण दाणे चिखलणीच्या वेळी पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने खाचराच्या कोपऱ्यात जमतात. तिथला कचरा जाळीने काढून टाकणे हा चीनमधल्या शेतकऱ्यांचा साधा, बिनखर्ची उपाय आहे. बांधावरचे गवतही काढावे, ते रोगाचे आश्रयस्थान असते. आभासमय काजळीत दाण्याच्या जागी नारिंगी, मग हिरवट काळे गोळे येतात. चांगल्या पावसाच्या, भरघोस पिकाच्या वर्षी ती दिसते, म्हणून काही प्रांतांत तिला लक्ष्मीचा रोग समजत. उशिरा दिलेले नत्र तिला पोसते. तपकिरी ठिपक्यांचा रोग मात्र करप्याच्या अगदी उलट, उपाशी जमिनीचा. पोटॅश कमी, मातीत कस नाही, पिकाला ताण, अशा ठिकाणी तो येतो. १९४२ च्या पावसाळ्यानंतर बंगालमध्ये तो भयंकर पसरला. पुढल्या वर्षीच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे गेली. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या लेखात त्या दुष्काळाचा मोठा दोष या बुरशीला दिला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवले की धान्याच्या तुटीपेक्षा गरिबांच्या हाती ते विकत घेण्याची ताकद न उरणे हे मोठे कारण होते. मला दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात. कस गेलेली जमीन आणि कंगाल झालेला माणूस बहुधा एकाच गावात सापडतात.

सर्वांत आशा वाटते ती युनानच्या प्रयोगाने. नैर्ऋत्य चीनच्या या प्रांतात चिकट तांदळाचे उंच पारंपरिक वाण लोकांना आवडतात, भावही चांगला मिळतो. पण ते करप्याला लगेच बळी पडतात. काही शेतकरी संकरित भाताच्या ओळींत मध्येच चिकट भाताची एखादी ओळ लावत. झू योउयोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत उचलली. संकरित वाणाच्या दर चार ओळींमागे चिकट भाताची एक ओळ. १९९८ मध्ये ८१२ हेक्टरवर, १९९९ मध्ये ३,३४२ हेक्टरवर, हजारो शेतकऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या शेतांत. २००० मध्ये नेचर नियतकालिकात निष्कर्ष आले: नुसता चिकट भात लावला असता त्याच्या तुलनेत मिश्र लागवडीतल्या चिकट भातावर करप्याची तीव्रता ९४ टक्क्यांनी कमी, त्याचे उत्पन्न ८९ टक्क्यांनी जास्त. दुसऱ्या वर्षाअखेर करप्यासाठी फवारणी करायची गरजच उरली नाही.

कारणे समजण्यासारखी आहेत. एका वाणावरून उडालेला बीजाणू शेजारच्या दुसऱ्या वाणावर पडला तर तिथे तो रुजत नाही. म्हणजे उडालेल्या बीजाणूंतले बरेचसे वाया जातात. उंच वाणाच्या लोंब्या बुटक्या पिकाच्या वर ऊन-वाऱ्यात राहतात, तिथे ओल टिकत नाही. आणि रुजू न शकलेला बीजाणूसुद्धा झाडाला सावध करून जातो. जपाननेही याच विचाराने एक पाऊल टाकले. निईगाता प्रांतात २००५ पासून कोशिहिकारी या लाडक्या तांदळाची, चव तीच पण करप्याविरुद्धची जनुके वेगवेगळी, अशी मिश्र बियाणी दिली जातात.

आपल्याकडे जमिनीच्या उतारानुसार हळवे, निमगरवे, गरवे असे वाण एकाच गावात लावायची रीत होती. काही ठिकाणी आजही आहे. विदर्भातल्या बांध्यांतही पूर्वी धानाचे कितीतरी प्रकार असत. ती विविधता खाचराखाचरांत होती. युनानने ती ओळीओळीत आणली. आंबेमोहोर किंवा आजरा घनसाळ यांसारखे उंच, सुवासिक आणि चांगला भाव मिळणारे वाण, भोवती बुटक्या प्रतिकारक वाणाच्या चार-चार ओळी, असा मेळ मावळात किंवा आजऱ्यात घालून पाहण्यासारखा आहे. अडचणी आहेत. दोन्ही वाण जवळपास एकाच वेळी पिकले पाहिजेत, नाहीतर एकाची वाट पाहताना दुसरा झडेल. कापणी विळ्यानेच करावी लागेल, कारण यंत्राने दोन्ही एकत्र होतात. चीनमध्येही हाताने कापणी होती म्हणूनच लोंब्या वेगळ्या काढता आल्या. ज्या भागात यंत्राने कापणी होऊ लागली आहे तिथे हे आता अवघड आहे. कोकण, मावळ, आजरा-राधानगरीच्या लहान खाचरांत मात्र अजून विळाच चालतो. कोणत्या तालुक्यात कोणती जोडी जमेल हे एकदा कर्जत, लोणावळा, राधानगरी, साकोली, सिंदेवाही इथल्या संशोधन केंद्रांनी शेतकऱ्यांच्या बांधावर तपासून सांगावे. त्यासाठी नवे जनुक किंवा नवे औषध लागणार नाही. दोन-तीन पावसाळे, दर गावात काही गुंठे आणि लोंबी मोजायला बसणारी माणसे एवढे पुरेल.